आईला सीओपीडी सांगितलाय. पंप, नेब्युलायझर, ऑक्सिजन मशीन, काढा... नक्की कशाला पुरावा आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई देवगडजवळ गावी, वय साठीच्या पुढे, कधी विडीला हात लावला नाही, पण सगळा जन्म चुलीपुढे गेला. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, सांगून पंप (इनहेलर) दिला. वाडीतले म्हणतात पंपाची सवय लागते, मामा नेब्युलायझर, म्हणजे औषधाचा फवारा करून मास्कने देणारं मशीन, घ्या म्हणतात, कुणी ऑक्सिजनचं मशीन सुचवतंय, कुणी पुडी देणाऱ्या वैद्याचा पत्ता. तुम्ही मुंबईत, आणि पैसे कुठे घालायचे ते ठरत नाहीये.

मी रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे बहुतेक धापेचेच पेशंट येतात. औषध लिहून देणं माझं काम नाही; लिहून दिलेलं औषध छातीपर्यंत पोचतंय का हे बघणं मात्र आहे.

आधी 'गुण आला' या शब्दाबद्दल. आपल्याकडे या दुखण्याला चढउतार असतात. मृग लागतो, भिंतींना ओल धरते, कपड्यांना कुबट वास येतो आणि माझ्याकडची गर्दी वाढते. दसऱ्यापर्यंत त्यातल्या बऱ्याच जणांना आपसूक हलकं वाटायला लागतं. मधल्या दिवसांत जे काही पोटात गेलं असेल, काढा, पुडी किंवा हैदराबादला जाऊन मृगाच्या मुहूर्तावर गिळलेला जिवंत मासा, त्याच्या नावावर ते श्रेय जमा होतं. म्हणून अमक्याच्या काकूला बरं वाटलं याला मी पुरावा मानत नाही. सारख्याच दुखण्याचे दोन गट, एकाला उपाय दिला, दुसऱ्याला नाही, आणि दोघांचं पुढे काय झालं ते मोजलं, असं असेल तर बोलू. पुडीबद्दल एक जास्तीचं सांगते. अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. आठवड्यात तरतरी येते, मग तोंड सुजतं, साखर वाढते. पुडीवर घटक छापलेले नसतील तर ती घरात नको.

आता निदान. सीओपीडी हे नाव पीएफटी करून ठरलंय की नुसती छाती तपासून, ते विचारा. पीएफटी म्हणजे मशीनच्या नळीत जोरात फुंकायची तपासणी. ती आधी एकदा आणि पंप देऊन थोड्या वेळाने परत करतात. औषधानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांच्या खाली राहिली तर सीओपीडी धरतात. यावर भर देण्याचं कारण, दमा निघाला तर उपचार बदलतो. दम्यात श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हा पाया आहे, आणि नुसत्या तात्पुरत्या आराम देणाऱ्या पंपावर राहू नये असं दम्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून स्पष्ट सांगतात. सीओपीडीत पाया श्वासनळ्या रुंदावणाऱ्या औषधांचा. स्टेरॉइड ठरावीक रुग्णांनाच लागतं, कारण त्याने न्यूमोनियाचं प्रमाण वाढलेलं दिसलंय.

पंपाची सवय लागत नाही. बंद केल्यावर धाप परत येते ती आजार तिथेच असतो म्हणून. पण पंपाने फुफ्फुस पहिल्यासारखं होईल असंही कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. टायोट्रोपियम या औषधावर २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास होता, जवळजवळ ६,००० रुग्ण, चार वर्षं. दुखणं उसळण्याचे प्रसंग कमी झाले, रोजचं जगणं सुधारलं. फुफ्फुसाची ताकद वर्षागणिक घटते तो वेग मात्र कमी झाला नाही. आईला दोन पावसाळे दवाखान्यात भरती न होता काढता आले तर मी त्याला मोठी गोष्ट म्हणेन.

अट एकच, औषध आत गेलं पाहिजे. माझ्या टेबलासमोर बसून आजी पंप दाबतात आणि पांढरा धूर तोंडातून सरळ बाहेर येतो. "घेतलंय मा!" म्हणतात. स्प्रेचा पंप असेल तर हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटून सावकाश आत ओढता ओढता दाबायचा आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नसेल, आणि या वयात बहुतेकांना जमत नाही, तर पंपाला स्पेसर, म्हणजे औषध आधी साठवून घेणारी पोकळ नळी, लावा. कॅप्सूलचं यंत्र असेल तर उलट, जोरात आणि खोल ओढायचं. या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात, तेव्हा तुमच्या आईला व्हिडिओ कॉलवर एकदा घेऊन दाखवायला सांगाच. पावसाळ्यात तर यंत्र धुऊन ओलसरच ठेवलं की भुकटी आत चिकटते. उघड्या राहिलेल्या कॅप्सूलही सर्द होतात. डबीचं झाकण घट्ट, यंत्र कोरडं, आणि स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची.

स्पेसर नीट वापरला तर नेब्युलायझरची गरज फार थोड्यांना उरते. दम्याच्या अटॅकमध्येसुद्धा दोन्हींची तुलना झालेली आहे. मोठ्या माणसांत भरती व्हावं लागण्यात फरक पडला नाही, लहान मुलांत स्पेसर काकणभर सरसच ठरला. नेब्युलायझरला वर लाइट लागते आणि रोजची स्वच्छता. मामांना हे सांगून पटेल असं नाही, मशीनच्या घुर्र आवाजाला वेगळाच मान असतो.

ऑक्सिजनचं मशीन मात्र महागातलं, म्हणून जरा सविस्तर. ब्रिटनमधला १९८१ चा अभ्यास छोटा होता, ८७ रुग्ण. सगळ्यांच्या रक्तातला ऑक्सिजन कायमचा खूप कमी झालेला. रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ पैकी १९ पाच वर्षांत गेले, न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. म्हणजे त्या रुग्णांना ऑक्सिजनने आयुष्य मिळालं. पण २०१६ साली अमेरिकेत ७३८ रुग्णांवर हेच पाहिलं, ज्यांचा ऑक्सिजन थोडासाच कमी होता, तर ना आयुष्य वाढलं ना भरती टळली. धाप लागते म्हणजे ऑक्सिजन कमी आहेच असं नसतं. सीओपीडीत बऱ्याचदा आतली हवा बाहेर पडत नाही म्हणून जीव घाबरतो. बसून, स्वस्थ असताना बोटावरच्या मीटरवर पुन्हा पुन्हा ८८ किंवा त्याखाली आकडा दिसत असेल तर डॉक्टरांकडे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचा विषय काढा. ९४-९५ असेल तर ते पैसे ठेवा. आणि घेतलंच तर लाइटचं काय, हा विचार आधी. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी काय झालं ते गावी विचारा.

ज्याची जाहिरात कुणी करत नाही ते सर्वांत भक्कम निघालंय: व्यायाम. कोक्रेन ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहते; तिच्या २०१५ च्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८०० च्या वर रुग्ण होते. धाप, थकवा, चालण्याचं अंतर, सगळ्यात फरक पडला. धाप लागते म्हणून माणूस ओटीवर बसून राहतो, मांड्यांची ताकद जाते, मग न्हाणीपर्यंत जायलाही धाप लागते. आईला खुर्चीवरून हात न टेकता उठबस करायला लावा, आधी पाच वेळा. सपाटीवर रोज चालणं. पाखाडी चढताना दोन पायऱ्या, थांबणं, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं, मग पुढच्या दोन. बोलता येईल पण गाता येणार नाही इतकी धाप चालते. तीन बॉलचं ते प्लॅस्टिकचं यंत्र कोविडनंतर घरोघर आहे. असेल तर असू दे, पण त्यातून श्वास ओढला म्हणजे व्यायाम झाला असं नाही.

चूल सुटली का, हेही बघा. आपल्याकडे गॅस असतो, पण चहापुरता. आंघोळीचं पाणी अजून नारळाची सोडणं आणि झावळ्यांवरच तापतं. दक्षिण चीनमधल्या गावांत नऊ वर्षं पाहणी झाली (२०१४ साली प्रसिद्ध). जिथे इंधन बदललं आणि स्वयंपाकघरात हवा खेळती झाली तिथे फुफ्फुसाची घसरण मंदावलेली दिसली, जे वरच्या टायोट्रोपियमच्या अभ्यासात दिसलं नव्हतं. ऑक्सिजन मशीनच्या निम्म्या पैशातसुद्धा गीझर बसेल. रात्रीची कासवछापही बंद करून मच्छरदाणी लावा. फ्लूची लस दरवर्षी, त्याबद्दल वाद नाही.

थिओफायलीनच्या (श्वासनळ्या रुंदावणारं जुनं औषध) गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा की अजून हव्यात का. कमी डोसवर ब्रिटनमध्ये दीड हजारांवर रुग्णांची चाचणी झाली, २०१८ साली निकाल आला, दुखणं उसळणं कमी झालं नाही. स्वतःहून मात्र काही बंद करू नका.

शेवटी एक, जे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर, गुंगी, असं काही दिसलं तर थेट १०८. गाडीत चढवताना 'सीओपीडी आहे' हे पहिलं सांगायचं. घाबरून ऑक्सिजन पूर्ण जोरात दिला तर अशा रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या ४०५ रुग्णांवर २०१० साली हे तपासलं, आणि मोजून, मीटरवरचा आकडा ८८ ते ९२ राहील अशा बेतात ऑक्सिजन दिलेल्यांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हे दोन आकडे आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर जाड अक्षरात लिहून ठेवा.