वाचक विचारतात : टेम्पीच्या उन्हात आरव्ही लावायची कुठे?

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत, टेम्पीला एमएस करतोय. मे महिन्यात त्याचं कॉन्व्होकेशन आहे, आम्ही पाच जण जाणार, त्यात आबा 74 वर्षांचे. त्याच्या फ्लॅटवर जागा नाही म्हणून तो म्हणतो आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊ, कॉलेजजवळ कुठल्यापण कॅम्पग्राउंडला लावू आणि नंतर तीच घेऊन ग्रँड कॅनियन करू. आम्ही भुसावळचे, उन्हाची तर सवयच आहे. जागा निवडताना बघायचं तरी काय?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, उन्हाची सवय आपल्याला आहे पण ती घरात राहून आहे. जाड भिंती, वाळ्याचा कूलर, रात्री गच्चीवर अंथरूण. आरव्ही म्हणजे चाकावरची पातळ डबी, दुपारी तव्यासारखी तापते. तिथे 100 फॅरनहाइट म्हणजे आपले 38 अंश साधारण मेच्या सुरुवातीलाच ओलांडतात, आणि छपरावरचा एसी बाहेरच्यापेक्षा फार तर 10-12 अंश खाली आणतो, म्हणजे बाहेर 42 असेल तर आत 30-32. तेही वीज नीट मिळाली तर.

म्हणून कॉलेजपासून किती लांब हे नंतर बघा, आधी वीज विचारा. आरव्ही पार्कात, म्हणजे या गाड्या लावून राहायच्या जागेत, 30 अँपिअर आणि 50 अँपिअर असे दोन प्रकारचे प्लग असतात. तीसवाला 120 व्होल्टवर 3600 वॅट देतो, पन्नासवाल्यात दोन लाइनी येतात म्हणून 12000 वॅटपर्यंत. एक एसी चालताना साधारण दीड हजार वॅट खातो, त्यात मायक्रोवेव्ह लावला आणि पाणी तापवायचा हीटर विजेवर असला की तीसचा ब्रेकर पडलाच. आम्ही मागे जूनमधे त्या भागात चार रात्री होतो, पार्कवाल्यांनी फोनवर पन्नासची जागा सांगितली होती आणि गेल्यावर मिळाली तीसची, दुपारी तीनला दोनदा वीज गेली आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा बघून माझा जीव अर्धा झाला. तेव्हापासून मी बुकिंगच्या कागदावर अँपिअर लिहून घेतो, तुम्हीपण घ्या. मोठ्या गाडीला दोन एसी असतात पण तिची वायर पन्नासची असते, तीसवर अडॅप्टर लावून जोडली तर एकच एसी धड चालतो, तेव्हा गाडी ठरवतानाच पोराला विचारायला सांगा.

दुसरं, फुल हूकअप म्हणजे वीज, पाणी आणि ड्रेनेज तिन्ही जागेवर. पाच माणसांच्या आंघोळी आणि संडासची टाकी दोन-तीन दिवसांत भरते, मग ड्रेनेज नसेल तर गाडी काढून डंप स्टेशनला, म्हणजे टाकी रिकामी करायच्या जागी, न्यावी लागते.

जागांचं म्हणाल तर टेम्पीशेजारच्या मेसा शहराजवळ युसेरी माउंटन रीजनल पार्क आहे, वीज-पाणी आहे, टेम्पीपासून अर्धा-पाऊण तास. अपाचे जंक्शनला सुपरस्टिशन डोंगराच्या पायथ्याशी लॉस्ट डचमन स्टेट पार्क, संध्याकाळी तो डोंगर असा लाल होतो की बघत राहावं, पण तिथे काही जागांना वीज आहे आणि काहींना नाही, बिनविजेची चुकून घेऊ नका. दोन्हीकडे सावली मात्र नावालाच, आपल्या कडुनिंबासारखं दाट झाड तिथे विसरा. खासगी पार्क मेसा आणि अपाचे जंक्शनला भरपूर आहेत, उन्हाळ्यात स्वस्तपण असतात कारण थंडीत येणारे म्हातारे लोक परत गेलेले असतात. पण त्यातले बरेच 55 वर्षांवरच्यांसाठीच आहेत! आबांचं वय चालेल, पण पोरांना राहू देतील का ते आधी विचारा.

गाडी कशी लावता त्यानेही फरक पडतो. दार आणि छत्रीसारखं ऑनिंग उजव्या अंगाला असतं, गाडीचं तोंड उत्तरेला ठेवलं तर दार पूर्वेला येतं आणि दुपारनंतर गाडीचीच सावली दारात पडते, आबांची खुर्ची तिथे टाका. नवीन माणूस चालवणार असेल तर पुल-थ्रू जागा मागा, म्हणजे रिव्हर्स घ्यावी लागत नाही. पाण्याचा पाइप उन्हात पडलेला असतो, आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं चटका देणारं पाणी येतं, आधी थोडं सोडून द्या. पोळ्या सकाळीच करून ठेवा, भरताची वांगी बाहेर भाजायचा विचार असेल तर आग पेटवायला बंदी आहे का ते ऑफिसात विचारा, मे-जूनमधे ती बऱ्याचदा असते. आणि बूट झटकून घाला, विंचू तिथलेही विषारी.

आता माझं मत स्पष्ट सांगतो. कॉन्व्होकेशनच्या दोन-तीन रात्री आबांना घेऊन टेम्पीतच साध्या हॉटेलात राहा, तसंही कॅम्पसमधे एवढी गाडी लावायला जागा शोधत बसणं त्या दिवशी नको. आरव्ही त्यानंतर घ्या आणि सरळ वर जा. ग्रँड कॅनियनच्या वाटेवरचं फ्लॅगस्टाफ गाव साधारण 240 किमी, पण 2100 मीटर उंचावर, मेमधे रात्री स्वेटर लागतो, एसीची गरजच नाही. चढ लांब आहे, कन्नड घाट चढताना जसं इंजिनकडे लक्ष ठेवता तसं ठेवा, लिटरला 4 किमीच्या आसपासच धरा. ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवर, म्हणजे दक्षिणेकडच्या काठावर, ट्रेलर व्हिलेजला फुल हूकअप मिळतं, शेजारच्या मॅथर कॅम्पग्राउंडला नाही, नावं सारखी वाटत नसली तरी बुकिंगमधे लोक घोळ करतात. आजच बघायला सांगा, तिथे जागा लवकर भरतात.

प्रश्न : भाचा ऑगस्टमधे टेम्पीला शिकायला चाललाय. मित्र म्हणतात जुनी आरव्ही घे आणि पार्कात महिन्याने राहा, भाडं वाचेल. करू द्यावं का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : पहिल्या सेमिस्टरला तरी नको. 2023 ला 30 जूनपासून टेम्पीशेजारच्या फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 43 च्या वर होता आणि रात्रीपण कितीतरी दिवस 32 च्या खाली आला नाही, 2024 ला सलग 113 दिवस 38 च्या वर. महिन्याच्या भाड्यात वीज बहुतेक धरलेली नसते, मीटर वेगळा, आणि एसी चोवीस तास. शिवाय बरेच पार्क दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेतच नाहीत, म्हणजे स्वस्तात घेतलेली लावायची कुठे हा प्रश्न. जुलै-ऑगस्टला धुळीची वादळं येतात, ऑनिंग उघडं राहिलं तर फाटून जातं, आणि पोरगा त्या वेळी क्लासमधे असणार. चार पोरांनी मिळून लाइट रेलच्या, म्हणजे तिथल्या ट्रामसारख्या गाडीच्या, रस्त्यावर फ्लॅट बघावा. थंडीत, नोव्हेंबरनंतर, एखादा महिना मित्राच्या आरव्हीत राहून बघू दे, तेव्हा हवा छान असते.