सीएच्या ऑफिसात पहिला उन्हाळा

मे महिन्यात सीएकडे काम शिकायला जाणार आहेस ना, मग आधी एक डायरी घे. पहिले पंधरा दिवस बिलं लावणं, झेरॉक्स आणि टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्र्या, एवढंच मिळेल. मीही वैतागलो होतो. पण खरं शिक्षण त्या बिलांच्या गठ्ठ्यातच असतं.

प्रत्येक बिलावरचा जीएसटी नंबर वाच. एकूण १५ अक्षरं: पहिले दोन आकडे राज्याचे (आपल्या महाराष्ट्राचे २७), पुढची दहा म्हणजे पॅन. सुरतच्या व्यापाऱ्याचं २४ ने सुरू होणाऱ्या नंबरचं बिल मी घाईत आपल्याकडचं समजलो. आयजीएसटीऐवजी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहाराचा) लावून मोकळा! रात्री आठपर्यंत बसून सगळा गठ्ठा पुन्हा तपासला. सर ओरडले नाहीत, चहा मागवला. तेच जास्त लागलं.

११ आणि २० तारखेला सुट्टी मागू नकोस. दरमहा भरणाऱ्यांच्या जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि ३बी (कर भरायचा गोषवारा) या जीएसटी रिटर्नच्या त्या मुदती. तेव्हा शंकासुद्धा डायरीतच ठेव, २१ ला विचार.

अकाउंटंट काकूंशी गोडीत राहा. कुठली फाइल कुठल्या कपाटात, हे सरांना नाही, त्यांनाच ठाऊक असतं.

आणि स्टायपेंडचं पहिल्याच दिवशी विचार, लाजू नकोस.