नात हिंदीत उत्तर देते, तेव्हा

प्रश्न: ताई नमस्कार, मी इंदूरला रामबागेत राहते, वय ६६. सात वर्षांच्या नातीला मी मराठीत विचारते "जेवलीस का गं", तर ती म्हणते "हां आजी, खा लिया". समजतं सगळं पण बोलत नाही. माझा भाचा ऑकलंडला असतो, तो सांगतो तिकडे सामोअन लोक, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशातून आलेले, दरवर्षी एक आठवडा आपल्या भाषेचा साजरा करतात, शाळेत, ऑफिसात सगळीकडे. आपणही इंदूरला असा मराठी आठवडा केला तर? सून म्हणते त्याने काय होणार. — एक आजी, रामबाग

उत्तर: काकू, तुमचं पत्र वाचून मी सामोअन लोकांबद्दल दोन दिवस शोधून शोधून वाचलं आणि मला वाटतं तुम्ही पण बरोबर आहात आणि सूनबाई पण.

आधी तो आठवडा. न्यूझीलंडमध्ये २००७ पासून होतो, साधारण मे संपता संपता, कारण १ जूनला सामोआचा स्वातंत्र्यदिन साजरा होतो. त्या दिवसांत "तालोफा" म्हणजे नमस्कार आणि "फाआफेताई" म्हणजे धन्यवाद हे शब्द ज्यांचा सामोआशी काही संबंध नाही असे लोकसुद्धा बोलतात. हे लहान नाही हो काकू. वर्गात जी भाषा बोलायला पोराला लाज वाटते तीच भाषा टीचरने तोडकीमोडकी का होईना बोलली तर त्या पोराची मान कशी ताठ होत असेल!

पण आठवडा असूनसुद्धा तिकडची परिस्थिती सोपी नाही. सामोअन ही न्यूझीलंडमध्ये इंग्रजी आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेनंतर सगळ्यात जास्त बोलली जाणारी भाषा, सामोआ देशाची लोकसंख्या २ लाखांच्या आसपास आणि न्यूझीलंडमध्येही जवळपास तितकेच सामोअन, तरी २०१८ च्या जनगणनेत त्यातल्या साधारण निम्म्याच लोकांना भाषा येत होती. आजी बोलते, आईला कळतं, नात इंग्रजीत उत्तर देते. म्हणजे तुमच्याच घरची गोष्ट, फक्त हिंदीच्या जागी इंग्रजी.

मग जे निम्मे बोलतात ते कशामुळे? मला सगळ्यात भावला तो त्यांचा ऑक्टोबरमधला दुसरा रविवार. "लोतू तामाइती" म्हणतात, मुलांचा रविवार. मुलं पांढरे कपडे घालतात आणि चर्चमध्ये सगळ्यांच्या समोर एकेकटी उभी राहून सामोअनमध्ये बायबलमधली वचनं पाठ म्हणतात, त्या पाठांतराला "तौलोतो" म्हणतात. कितीतरी आधीपासून घरी आजी-आजोबा घोकून घेत असतात. एरवी त्यांच्याकडे मोठे आधी जेवतात, त्या दिवशी मात्र मुलांना आधी वाढतात आणि वाढायला मोठी माणसं. मला हे फार आवडलं काकू, म्हणजे भाषा बोललीस तर शाबासकी एवढंच नाही, त्या दिवशी ते पोर घरातलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस असतं. शिवाय १९८० च्या दशकापासून तिकडे "आओगा आमाता" म्हणजे सामोअन बालवाड्या आहेत, बऱ्याच चर्चच्या आधाराने उभ्या राहिलेल्या, तिथे अगदी छोटी मुलं अक्षरांचा तक्ता चालीवर म्हणतात, आ आतो म्हणजे टोपली, इ इपू म्हणजे कप, आपल्या अ अननसासारखंच.

म्हणून काकू, आठवडा जरूर करा पण नातीला मराठीत एखादं काम द्या. शिकवणी नको, काम. आमच्या घरी किराण्याची यादी लिहायचं काम माझ्याकडे होतं, आई ओट्यापाशी उभी राहून सांगायची "हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, कोथिंबीर, शेंगदाणे" आणि मी लिहायचे, मग दुकानात जाऊन तेच चना दाल, हरा धनिया, मूंगफली असं सांगायचे. दोन्ही भाषा पक्क्या झाल्या आणि कोणी शिकवतंय असं वाटलंच नाही. तुमच्याकडे गणपतीत आरतीची सुरुवात तिने करायची असं ठरवून टाका, आणि त्या दिवशी पहिला मोदक तिलाच.

आणि ती "मी पाणी पिली" म्हणाली तर मध्येच थांबवू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या. नंतर तुम्ही "हो का, प्यायलीस?" म्हणा, तिच्या कानावर पडेल.

प्रश्न: मी २४ वर्षांची, सुदामा नगर. मराठी बोलते पण पुण्याच्या आत्याकडे गेले की सगळे हसतात, म्हणतात हे कसलं हिंदी मराठी. आता तिकडे बोलावंसंच वाटत नाही. काय करू?

उत्तर: अगं बोल! सामोअनमध्येही हे आहे बघ, चर्चमध्ये, शाळेत ज्या शब्दांत "त" म्हणतात तिथे घरात, मित्रांत "क" म्हणतात, आणि मोठ्या माणसाच्या जेवणाला वेगळा शब्द, "आइ" नाही तर "तौमाफा". बाहेरच्या देशात वाढलेल्या मुलांना हे सगळं सांभाळताना चुकायची भीती वाटणारच आणि मग तोंडच उघडत नाही, भाषेचं नुकसान तिथे सगळ्यात जास्त होतं असं मला मनापासून वाटतं. इंदूरची मराठी होळकरांच्या काळापासून इथे रुजलेली आहे, १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलनं या शहराने भरवली, ती काय उधारीची भाषा नाही. आत्याला फोन कर आणि सरळ सांग, की आत्या तुम्ही हसता तेव्हा मला वाईट वाटतं, चुकलं तर मला एकटीला सांगा. हे सांगताना "करके" आलं मध्ये तर येऊ दे.