पोस्ट केलं की पान लटकतं, असं का?

प्रश्न: फ्रेमवर्क न वापरता पायथॉनमधे छोटा फॉर्म बनवलाय, डब्ल्यूएसजीआयवर (सर्व्हर आणि पायथॉन कोड यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम), सर्व्हर पायथॉनसोबत येतो तोच, डब्ल्यूएसजीआयरेफ. पान उघडतं पण सबमिट केलं की नुसतं फिरत बसतं, एरर पण नाही. बॉडी, म्हणजे फॉर्ममधून आलेला डेटा, वाचायला इनपुटवर सरळ रीड कॉल केलाय, कंसात काही दिलं नाही. चुकतंय कुठे?

– एक वाचक, नाशिक

उत्तर: त्या रिकाम्या कंसातच घोळ आहे. रीडला आकडा दिला नाही की तो शेवट येईपर्यंत वाचत राहतो, पण इथे शेवट येणार कुठून, ब्राउझरने डेटा पाठवून झालाय आणि तो कनेक्शन उघडं ठेवून तुमच्या उत्तराची वाट बघतोय, तुमचा कोड अजून डेटा येईल म्हणून थांबलाय, दोघंही "आधी तुम्ही" करत बसलेत. खात्री करायचीय? रीडच्या खालच्या ओळीत प्रिंट टाका, फॉर्म सबमिट करा आणि मग ब्राउझरमधे स्टॉप दाबा. प्रिंट तेव्हाच दिसेल.

२०१० च्या पेप ३३३३ मधे, म्हणजे डब्ल्यूएसजीआयचे नियम जिथे लिहिलेत त्यात, सर्व्हरने डेटा संपल्यावर शेवट दाखवावा असं आहे, पण 'दाखवावा', 'दाखवलाच पाहिजे' नाही. म्हणून गनिकॉर्नवर, म्हणजे शेवट दाखवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर, तोच कोड चालून जाईल आणि तुम्हाला वाटेल प्रॉब्लेम सुटला.

तेव्हा कंटेंट लेंग्थ, म्हणजे विनंतीसोबत येणारा डेटाच्या लांबीचा आकडा, बघा आणि तेवढेच बाइट वाचा. पण हा आकडा समोरच्याने पाठवलेला असतो, त्यावर डोळे झाकून विश्वास नको. कधी तो नसतोच, कधी रिकामी स्ट्रिंग येते आणि त्याचा पूर्णांक (इंट) करताना व्हॅल्यू एरर येते, म्हणून ट्राय-एक्सेप्टमधे घ्या. उणे आला तर तिथेच ४०० (चुकीची विनंती) देऊन परत पाठवा, कारण रीडला उणे एक दिलं तर ते रिकाम्या कंसासारखंच, म्हणजे पुन्हा लटकलं. आणि वरची मर्यादा हवीच, साध्या फॉर्मला १ एमबी खूप झालं, त्याहून मोठं असेल तर न वाचताच ४१३ (डेटा फार मोठा). हा चेक रीडच्या आधी हं, बरेच जण सगळं मेमरीत घेऊन मग लांबी मोजतात, त्याला काय अर्थ!

वाचून झाल्यावर खरंच तेवढे बाइट आले का तेही बघा, कनेक्शन मधेच तुटलं तर अर्धवट डेटा हातात येतो. आणि हा स्ट्रीम एकदाच वाचता येतो, लॉगिंगवाल्या मिडलवेअरने (तुमच्या कोडच्या आधी चालणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या कोडने) आधी वाचून टाकला की तुमच्या वाट्याला काही उरत नाही.

पुढे फ्लास्क या फ्रेमवर्कवर गेलात तर मॅक्स कंटेंट लेंग्थ स्वतः सेट करा, डिफॉल्ट नन असतं, म्हणजे मर्यादाच नाही. जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कमधे २.५ एमबीची मर्यादा आधीपासून आहे, फक्त अपलोड केलेल्या फाइली त्यात मोजत नाहीत.