बँडच्या पहिल्या तालमीआधी एवढं बघा

मित्रमित्र मिळून बँड काढताय, मस्तच! सुरुवातीला तीनच गाणी घ्या. दहा अर्धवट येण्यापेक्षा तीन पक्की बसलेली बरी.

आधी गाणाऱ्याची पट्टी ठरवा. मूळ गाण्याच्या पट्टीचा हट्ट नको. वरच्या ओळीला आवाज फाटत असेल तर सरळ खाली उतरा.

नवख्या बँडचं खरं दुखणं म्हणजे आवाजाची चढाओढ. ड्रम जोरात, म्हणून गिटारवाला वाढवतो, मग बेसवाला. शेवटी गाणंच ऐकू येत नाही. गाण्याचे शब्द स्पष्ट कळतील एवढ्यावरच बाकीची वाद्यं ठेवा. माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते, कारण स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. म्हणून स्पीकर पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. माइक स्पीकरच्या मागे.

- सगळी वाद्यं ए = ४४० हर्ट्झला (म्हणजे ‘ए’ या स्वराच्या नेहमीच्या प्रमाण उंचीला) लावा. नव्या तारा लवकर उतरतात, मध्येच पुन्हा तपासा.
- अडखळलात की पहिल्यापासून सुरू करू नका. अडलेले चार बारच (बार म्हणजे तालाचा एक ठरावीक तुकडा) मेट्रोनोमवर, म्हणजे एकसारखी टिकटिक देणाऱ्या यंत्रावर, सावकाश घ्या.
- शेवट कुठे आणि कुणाच्या खुणेवर, हे आधी ठरवा. हमखास घोळ तिथेच होतो!

इफेक्ट पेडल आणि रेकॉर्डिंगचं नंतर बघू.