गोल्डफिशच्या टँकमध्ये समुद्राची वाळू घातल्यापासून मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की गुहागरला घरच्या अडीच फुटी टँकमधली जुनी रंगीत खडी काढून टाकलीत, किनाऱ्यावरची वाळू दहा पाण्यांनी धुऊन घातलीत आणि फिल्टरचा काळा पडलेला स्पंजही त्याच दिवशी नवा बसवलात. पाचव्या दिवशी तिनातला एक मासा गेला. उरलेले दोघं पाण्याच्या अगदी वर तोंड लावून उभे आहेत. पाणी विहिरीचं, दिसायला नितळ.

बाकी सगळं नंतर वाचा, आधी हे करा. खाणं बंद. तीन-चार दिवस गोल्डफिशला काही होत नाही. विहिरीचं पाणी बादलीत काढून टँकशेजारी ठेवा, टँकच्या पाण्याइतकं कोमट झालं की टँकमधलं साधारण पाव पाणी काढून तेवढं हे पाणी तांब्यातांब्याने सोडा. उद्या पुन्हा, परवा पुन्हा. एअर पंप रात्रीही चालू ठेवा. दुकानात सांगितलं तरी निळं औषध टाकू नका. माशांना आजार नाहीये, आणि त्या औषधाने पाण्यातले चांगले जिवाणूही मरतात.

आता झालं काय ते. गोल्डफिश कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, आणि इतर शोभेच्या माशांपेक्षा याची घाणही जास्त. खडीवर आणि स्पंजवर जो चिकट थर बसतो ना, त्यातले जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. काळा पडलेला स्पंज आपल्याला घाण वाटतो, पण टँकचं जगणं त्याच्यावर असतं. खडी आणि स्पंज एकाच दिवशी गेले म्हणजे तुमच्या टँकमध्ये ते काम करणारं जवळपास कुणी उरलं नाही. नवा थर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साठत राहतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. नितळ पाण्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

त्यात समुद्राच्या वाळूची भर पडली. धुतल्याने मीठ जातं, पण शिंपल्यांचा चुरा तसाच राहतो. तो चुना हळूहळू विरघळतो आणि पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आंबट की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, चढवतो. आपल्याकडच्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ, किंचित आंबटाकडे झुकणारं. तशा पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पीएच 7 असताना त्यातला विषारी भाग शंभरात एकसुद्धा नसतो. तेच पीएच 8 झाला की आपल्या उन्हाळ्यातल्या 28 अंशांच्या पाण्यात तो सहा-सातवर जातो. अमोनिया तेवढाच, विष जवळजवळ दसपट. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. थंड पाण्यातला हा मासा वैशाखात आधीच दमलेला असतो, त्यात अमोनियाने कल्ले भाजलेले. म्हणून ते वर येऊन उभे राहतात.

वाळूत शिंपले किती आहेत ते बघायचं असेल तर सुकी मूठभर वाळू वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओता. बुडबुडे फसफसून आले की समजायचं. रत्नागिरीत काळा समुद्र आणि पांढरा समुद्र जवळजवळच आहेत, पण वाळू किती वेगळी! तेव्हा किनाऱ्याची वाळू म्हणजे सगळी सारखी असं धरू नका. बांधकामासाठी मिळते ती खाडीची वाळूही याच कारणासाठी नको.

ही वाळू काढावी लागेल, पण एका दमात नाही. मासे टँकच्याच पाण्यात बादलीत घ्या, एअर पंपाची नळी बादलीत सोडा आणि अर्धी वाळू काढा. उरलेली चार दिवसांनी. पीएच एकदम खाली आणलात तर तोही धक्काच असतो. त्यानंतर महिनाभर तळ मोकळाच राहू द्या. गोल्डफिशला नुसती काच चालते, घाणही पटकन उचलता येते. लोकांना तळ उघडा बघवत नाही, पण मला विचाराल तर शिकणाऱ्याने वर्षभर तसाच ठेवावा.

पुढे घालायचंच असेल तर भरतीचं पाणी पोचत नाही तिथल्या नदीची बारीक वाळू, दोन बोटं जाडीची, किंवा माशाच्या तोंडात मावणार नाहीत एवढे गुळगुळीत गोटे. मधल्या मापाची, वाटाण्याएवढी खडी घेऊ नका. गोल्डफिश दिवसभर तळ चाळत असतो आणि तसा खडा त्याच्या घशात अडकतो. जांभ्याचे तुकडे छान दिसतात पण कडा धारदार, पंख फाटतात.

मी हे शिकलो ते मासे गमावून. दापोलीला घरी दिवाळीच्या साफसफाईत सगळा टँक घासून, खडी उन्हात वाळवून, स्पंज साबणाने धुतला होता. नऊ दिवसांत चारही मासे गेले. मी पाणी चकचकीत आहे म्हणून खूश होतो. आता खडी बदलायची झाली तर एका वेळी तिसरा भाग, दोन हप्त्यांच्या अंतराने, आणि काढलेल्यातली थोडी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून महिनाभर टँकमध्येच. स्पंज त्या महिन्यात हात न लावता ठेवतो. एरवीही तो टँकच्या काढलेल्या पाण्यातच पिळतो.

तुमची जुनी खडी अंगणात सुकली असेल तर आता उपयोग नाही. त्यापेक्षा ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज त्यांच्याच पाण्यात बुडवून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला. महिन्याचं काम आठवड्यावर येतं. थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. 0.25 जरी दिसलं तरी पाणी बदला. नायट्राइट दिसू लागलं तर लिटरला 1 ग्रॅम खडेमीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला रक्तात शिरू देत नाही.

आणि गंमत अशी की त्याच शिंपल्यांची एक मूठ जाळीत बांधून फिल्टरजवळ कायम ठेवावी लागते. जिवाणूंच्या कामात पाण्यातला चुना खर्च होतो. आपलं मऊ पाणी त्यामुळे काही महिन्यांत इतकं आंबट होतं की जिवाणूच मंदावतात. टँकभर शिंपले नकोत, मूठभर हवेत.

पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची) पावडर टाकली असेल तर पाणी भरण्याआधी दुकानातलं अँटीक्लोरीन वापरा, नाहीतर नवा थर पुन्हा मरेल. बॅटरीवरचा एअर पंपही आणून ठेवा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे किती दिवस वीज नव्हती, तेव्हा तांब्याने पाणी वरून ओतत राहून मासे जगवले होते.

आठ-दहा दिवसांनी माशांच्या अंगावर किंवा पंखांच्या कडांना काळे डाग दिसले तर घाबरून औषध आणू नका. अमोनियाने भाजलेली जागा भरताना गोल्डफिशला बऱ्याचदा असे डाग येतात आणि पाणी चांगलं राहिलं की काही आठवड्यांत जातात.