माया किती ठेवायची?

प्रश्न : ताई नमस्कार. माझं वय ५७, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. ३१ वर्षं घरीच ब्लाउज शिवतेय. मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा पुण्याला कंपनीत, मुलगी कोल्हापूरला सासरी, दोघांचं बरं चाललंय. पण हल्ली मशीनवर बसलं की एकच विचार येतो, आपण गेल्यावर आपलं काय राहणार? दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे, थोडी एफडी आहे, आणि गिऱ्हाइकांच्या मापाच्या नऊ वह्या, बस. शेजारीण म्हणते देवळाला देणगी देऊन पाटी लाव, नाव तरी राहील. मुलगा म्हणतो, आई आता पुरे, आराम कर, मशीन भंगारात देऊन टाकू. त्याच्या मनात काही वाईट नाही, पण तो शब्द ऐकला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मी सातवी शिकलेली बाई. माझ्यासारखीने मागे काय ठेवायचं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि पहिला एक शब्द डोक्यात आला, तो तुमच्याच धंद्यातला आहे. माया. ब्लाउज बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड तुम्ही सोडता ना, ती माया. बाहेरून कुणाला दिसत नाही, पण दोन वर्षांनी बाई अंगाने भरली, बाळंतपण झालं, की तीच शिवण उसवून तोच ब्लाउज परत अंगात बसतो. म्हणजे आज कापतानाच पुढच्या दिवसांचा विचार करायची सवय तुमच्या हाताला ३१ वर्षांपासून आहे, आता तोच विचार कापडाऐवजी स्वतःच्या दिवसांचा करायचाय, इतकंच.

शिक्षणाचं म्हणाल तर रमाबाई रानडे आठवा. १८७३ साली लग्न होऊन आल्या तेव्हा ११ वर्षांच्या होत्या, अक्षरओळख नव्हती, नवऱ्याने, म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांनी, घरीच शिकवलं. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले तेव्हा त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. आणि १९०९ साली त्यांनी पुण्यात राहत्या वाड्यातच सेवासदनाचं काम सुरू केलं, तिथे बायकांना लिहा-वाचायला शिकवलं, नर्सिंगचं शिक्षण मिळालं, आणि शिवणकामही होतं बरं का. विधवा झालेल्या, माहेर-सासर दोन्हीकडे नकोशा झालेल्या बायका तिथून स्वतःच्या पायावर उभ्या राहून बाहेर पडल्या. तुम्ही संस्था काढा असं मी म्हणत नाहीये. पण सुरुवात राहत्या घरातून झाली आणि जे येत होतं ते दुसरीच्या हातात देण्यातून झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता देवळाची पाटी. श्रद्धा असेल तर देणगी जरूर द्या. पण नाव राहावं म्हणून एफडी मोडून देणार असाल तर मी स्पष्ट सांगते, नका देऊ. तुमच्या म्हातारपणाचा पैसा आहे तो.

त्यापेक्षा दोन मुली शोधा. गावात बारावीनंतर घरी बसलेल्या, लग्न लांबलेल्या किंवा नवरा नीट बघत नाही अशा असतातच, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. दुपारी ३ ते ५ त्यांना शेजारी बसवा. पहिला महिना नुसतं काजं आणि हुक, मग अस्तर, मग साधा ब्लाउज, कटोरीचा ब्लाउज अगदी शेवटी. फी घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मला विचाराल तर थोडी घ्या, फुकटात मुली टिकत नाहीत. आणि खाकी कागदावर ३२, ३४, ३६, ३८ छातीची कटिंगं काढून ठेवा आणि प्रत्येकावर पेनाने लिहा, मुंढा किती, खांदा किती, माया किती. तुम्हाला हे पाठ आहे म्हणून लिहायची गरज वाटत नाही आणि नेमकं तिथेच सगळं हरवतं.

माझ्याच घरचं सांगते. माझी आई कुरडया करायची, गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून. चीक शिजला का हे ती पळीवरून कसा सुटतो त्यावरून ओळखायची. मी विचारलं की म्हणायची, हाताला कळतं गं. मी दरवर्षी म्हणायचे की पुढच्या उन्हाळ्यात शेजारी बसून शिकेन, ऑफिस, मुलं, परीक्षा, करत करत ते राहूनच गेलं. आता माझा चीक एक तर कच्चा राहतो नाहीतर खाली लागतो आणि तिला विचारता येत नाही. म्हणून मुलगा पुढच्या वेळी आला की त्याला सांगा, फोन घेऊन समोर बस आणि माझे हात दिसतील असा कटोरी कापतानाचा व्हिडिओ काढ. पूर्ण काढायचा, मध्ये बंद करायचा नाही. मला वाटतं ते बघितल्यावर भंगार हा शब्द त्याच्या तोंडून परत येणार नाही.

जात्यावरच्या ओव्यांचंही बघा ना. पहाटे दळता दळता बायका गायच्या, कुणाच्या हिशोबीही नव्हत्या त्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोन अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर खेडोपाडी फिरून त्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर भरल्या, आणि सोबत गाणारीचं नाव, गावाचं नाव लिहून ठेवलं. गिरणी आल्यावर जातं थांबलं तरी त्या बाईचं नाव आज सापडतं, कारण कुणीतरी वेळेवर लिहून घेतलं.

घर आणि एफडीचं मात्र याच महिन्यात उरका. साध्या कागदावर मृत्युपत्र करता येतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. तुम्ही दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनी तुमच्यासमोर. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार ठेवू नका, उगाच पुढे वाद. नोंदणी सक्तीची नाही पण तालुक्याला सबरजिस्ट्रारकडे करून घेतलीत तर बरं. एफडीवर मुलाचं नाव नॉमिनी लावलं म्हणजे पैसे त्याचेच झाले असं नसतं हं, नॉमिनीने ते घेऊन वारसांना द्यायचे असतात, यावरून सख्ख्या भावंडांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. त्यामुळे कुणाला काय ते स्पष्ट लिहा, आणि मशीन कुणाला तेही लिहा, शिकलेल्या मुलीला द्यायची असेल तर तिचं नाव घाला. दोन्ही मुलांना समोर बसवून वाचूनही दाखवा.

आराम करा हे मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लग्नसराईत रात्री जागून शिवणं बंद करा, डोळे आणि कंबर सांभाळा. दिवसाचं काम सोडू नका.

आणि त्या नऊ वह्या. एकेका बाईची नवरी असतानाची, मग बाळंतपणानंतरची, मग आजारातून उठल्यावरची मापं एकाच पानावर असतील, काही जणी आता नसतीलही. त्या मुलींना शिकवायला बसवाल तेव्हा पहिली वही उघडा आणि पहिल्या पानावरच्या बाईपासून सांगायला सुरुवात करा. ती कोण होती ते मलाही कळवा.